कंडेन्सर गयो

बारडोलीच्या आमच्या घरात उन्हाळा पंख्याच्या वेगावर मोजला जायचा. रेग्युलेटर पाचावर आणि तरीही पाती मोजता येतील इतकी सावकाश फिरू लागली, की बाबा मिस्त्रीला बोलवायचे. तो मोटरीजवळची वाटी वर सरकवून दोन वायरींचा पांढरा डबा काढायचा आणि ‘कंडेन्सर गयो’ एवढंच निदान करायचा. अडीच मायक्रोफॅरडचा नवा डबा लागला की पंखा घोंघावायला लागे.

कंडेन्सर एका दिवसात जात नाही, हे पुढे पॉलिटेक्निकमध्ये कळलं. आतल्या प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ थर असतो. व्होल्टेज उसळून फिल्मला भोक पडलं, की भोकाभोवतीचा धातू उडून जातो आणि शॉर्ट टळतो. कंडेन्सर वाचतो, पण दर वेळी थोडा धातू गमावून. आसपासच्या गावांत उसाचे पंप आणि घरं एकाच फीडरवर होती, तेव्हा पंप सुरू झाले की बल्ब पिवळे पडत आणि बंद झाले की डोळे दिपत. 2003 मध्ये सुरू झालेल्या गुजरात सरकारच्या ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर वेगळे झाले, त्याचा खरा आनंद मिस्त्री सोडून सगळ्यांना झाला असणार.

आमच्या कृष्णधवल टीव्हीचं चित्र वरखाली काळ्या पट्ट्या सोडून आक्रसलं, त्याला कारण दुसऱ्या जातीचा कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर. यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये ओला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेनं तो ओलावा बुडाच्या रबरातून वर्षानुवर्षं निसटतो. तापमान दहा अंशांनी उतरवलं, तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून जाणता कारागीर 85 अंशांचा काढून 105 अंशांचाच लावतो. माथ्यावरची कोरलेली फुली शोभेची नव्हे. आत वायू साठला तर डबा फुटण्याआधी तिथून उलावा, यासाठी ती असते. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांवर असे डबे फुगले, कारण आतल्या द्रवाचं मिश्रणच सदोष होतं.

 

आता घरोघरी एलईडी आहेत. बल्ब ‘उडाला’ म्हणून आपण फेकतो, तेव्हा बहुतेकदा एलईडी धडधाकट असतात. गेलेला असतो तो बुडातला ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारं सर्किट, आणि त्यातही बहुधा असाच ओल्या कागदाचा कपॅसिटर, तोही उष्णतेनंच. तेव्हा हे बल्ब काचेच्या बंद गोळ्यांत लावू नका.