पाल्य

दस्तलेखकानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पप्पांना विचारलं, "हे तुमचे कोण?"

"मुलगा," पप्पा म्हणाले. पॅरॅलिसिसच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा वेळ घेऊन बाहेर येतात.

दस्तलेखकानं फाईल चाळली. पप्पांनी घरातले सगळेच कागद आणले होते, त्यात कोर्टाचा जुना आदेशही होता. "यात तर पाल्य लिहिलंय."

"त्यात ते लिहिलंय. तुम्ही मुलगा लिहा."

"दोन्ही लिहू का? पाल्य तथा मुलगा?"

"नाय," पप्पा म्हणाले. "एकच."

आम्ही पप्पांचं मृत्युपत्र करायला नगरला गेलो होतो. ते करणं गरजेचं होतं, कारण मृत्युपत्राशिवाय पप्पांच्या दोन खोल्यांच्या घरावर माझा वारस म्हणून काही हक्क लागत नव्हता. मी त्यांच्याकडे आलो तेव्हा एक वर्षाचा होतो. आज अठ्ठावीसचा आहे. शाळेच्या दाखल्यावर, पॅनकार्डावर, बँकेत, सगळीकडे बापाचं नाव त्यांचंच आहे. पण कायद्याच्या भाषेत मी त्यांचा मुलगा कधी झालोच नाही.

हे मला लपवून ठेवलेलं नव्हतं. मी दुसरीत असताना आईनं एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं होतं, की तुला आम्ही संस्थेतून आणलं. 'आणलं' हा शब्द मला कळला. 'पाल्य' हा शब्द कळायला कॉलेज संपावं लागलं.

आपल्याकडे १९५६ साली दत्तकाचा कायदा झाला तो हिंदूंसाठी, आणि त्यात बौद्ध, जैन, शीख आले. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आले नाहीत. त्यांना मूल घ्यायचं तर इंग्रजांच्या काळातला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा होता. त्यात कोर्ट तुम्हाला मुलाचे आईबाप करत नाही, पालक नेमतं. मूल सज्ञान झालं की ते पालकत्व संपतं. वारसाहक्क आपोआप येत नाही. पुढे बाल न्याय कायद्यानं दार उघडलं. २००६ च्या दुरुस्तीत दत्तक म्हणजे काय हे स्पष्ट झालं, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. पण २००६ साली मी नऊ वर्षांचा होतो, पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडत होते, आणि कायदा बदलल्याचं आमच्या घरापर्यंत कुणी येऊन सांगितलं नाही. मी अठराचा झालो तेव्हा ते दार बंद झालं.

यातली गंमत मला फार उशिरा दिसली. दर रविवारी आमच्या मंडळीत पाळकसाहेब सांगायचे की आपण देवाची दत्तक लेकरं आहोत. समोर बसलेल्या माणसांना मात्र कित्येक वर्षं या देशात मूल दत्तक घेता येत नव्हतं. उपासनेत सगळे दत्तक, आणि त्यातला जो खरोखर कुणाच्या घरी आणलेला, तो कागदावर पाल्य.

कागदाचं सोडा, मी जगलोही पाल्यासारखाच. सायकल मागितली नाही. आजारी पडलो तर शक्य तितकं लपवलं. आईनं ताटात वाढलेलं काहीही टाकलं नाही. सगळे म्हणायचे, किती शहाणं पोर आहे. मी शहाणा नव्हतो, घाबरलेला होतो. आणलेली वस्तू नीट चालली नाही तर परत करतात, एवढं दुकानात जाणाऱ्या कुठल्याही मुलाला माहीत असतं.

पुण्यात नोकरी लागली त्या महिन्यात मी एक स्प्रेडशीट बनवली. तिचं नाव 'हिशेब'. एका बाजूला शाळेची फी, बारावीचा क्लास, इंजिनिअरिंगची चार वर्षं, अपेंडिक्सचं ऑपरेशन. आठवेल तसं, आईला आडून आडून विचारून भरलेलं. दुसऱ्या बाजूला मी दर महिन्याला घरी पाठवलेले पैसे. महागाईसाठी वेगळा रकाना होता. एकूण आकडा साडेअकरा लाखांवर गेला होता, आणि तो दर महिन्याला थोडा खाली येताना बघून मला शांत झोप लागायची.

दीड वर्षापूर्वी पप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली. मी लॅपटॉप घेऊन नगरला आलो आणि घरूनच काम करू लागलो. एका दुपारी औषधांची बिलं शोधताना आईनं ती फाईल उघडी बघितली. तिला इंग्रजी आकडे आणि मराठी नावं दोन्ही वाचता येतात. ती काहीच बोलली नाही. रात्री तिनं ते पप्पांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दाढीला साबण लावत असताना त्यांनी माझा हात धरला.

"किती राहिलेत?"

मला कळलं कशाबद्दल विचारतायत ते. "सहा लाख," मी म्हणालो.

"फिटल्यावर काय? जाणार?"

मी काही बोललो नाही. साबण वाळत चालला होता. त्यांनी हात सोडला आणि गाल पुढे केला. विषय तिथंच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो बरेच दिवस चालू राहिला. कर्ज फिटतं तेव्हा देणारा आणि घेणारा मोकळे होतात, म्हणूनच तर आपण ते फेडतो. मी सहा वर्षं दर महिन्याला बाहेर पडायच्या दाराकडे एकेक पाऊल टाकत होतो आणि त्याला कृतज्ञता म्हणत होतो.

त्या दिवसांत मी पौलाची पत्रं पुन्हा वाचायला काढली. भक्तिभावानं म्हणाल तर नाही. मला तो शब्द बघायचा होता. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'ह्युओथेसिया', म्हणजे मुलगा म्हणून ठेवणं, त्या जागेवर बसवणं. नव्या करारात तो पाचच ठिकाणी येतो आणि पाचही ठिकाणं पौलाच्या नावावरच्या पत्रांतली. हा शब्द रोमन जगाच्या ओळखीचा होता. तिथं बहुतेक वेळा तान्ही बाळं नाही, मोठी माणसं दत्तक घेतली जात, घराण्याचं नाव पुढं चालावं म्हणून. दत्तक गेलेल्याला नवं नाव मिळायचं, मालमत्ता मिळायची आणि त्या घराच्या देवांची, पितरांची सेवाही त्याच्याकडे यायची. पौलानं रोमकरांना पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास. तेव्हा गादीवर नीरो होता, आणि नीरो हा क्लॉडियसचा दत्तक मुलगा. क्लॉडियसला स्वतःचा मुलगा असूनही राज्य दत्तकाला मिळालं होतं. रोममध्ये ते पत्र ऐकणाऱ्या गुलामांना, मजुरांना, बायकांना दत्तक म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. नवल एवढंच होतं की तो शब्द त्यांच्यासाठी वापरला जात होता.

त्या पत्रात पौल दोन प्रकारचं जगणं समोरासमोर ठेवतो. एक दासाचं, ज्यात भीती असते. दुसरं लेकराचं, ज्यात माणूस 'अब्बा' म्हणून हाक मारतो. गलतीकरांच्या पत्रात तर तो पालकांच्या हाताखाली वाढणाऱ्या वारसाचं उदाहरण घेतो. घर त्याचंच असतं, पण लहान आहे तोवर त्याच्यात आणि दासात काही फरक नसतो. ते वाचून मी लॅपटॉप मिटला. हा माणूस माझ्या कोर्टाच्या आदेशाबद्दल बोलत होता.

मला दासाचं जगणं नीट माहीत आहे. दास वाईट काम करत नाही. बऱ्याचदा तो लेकरापेक्षा चांगलं काम करतो, वेळेवर करतो. फक्त त्याचं लक्ष सतत मालकाच्या चेहऱ्याकडे असतं. आपल्या मंडळ्यांमध्ये असे पुष्कळ विश्वासणारे मी बघितलेत. दशांश चुकवणार नाहीत, उपास चुकवणार नाहीत, आणि एवढं करूनही देव आपल्याला परत करेल या भीतीनं जगतात. त्यांच्याही मनात कुठंतरी एक हिशेबाची फाईल उघडी असते.

मग लेकरानं काय करायचं? काहीच नाही? दत्तकाच्या कायद्यात एक शब्द आहे तो मला महत्त्वाचा वाटतो. दत्तक मुलाला हक्क मिळतात, सवलती मिळतात आणि जबाबदाऱ्याही मिळतात. त्या घर मिळवण्यासाठी भरायची रक्कम नसतात, घर मिळालं म्हणून आलेलं काम असतं. आपल्या इतिहासात याचं चांगलं उदाहरण आहे. १८७५ साली मालेगावजवळच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. त्याचे सयाजीराव झाले. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गादी त्यांना या कामाबद्दल मिळाली नव्हती. गादी मिळाली म्हणून हे काम त्यांच्या वाट्याला आलं, आणि त्यांनी ते ओळखलं.

देवाच्या घरात आपल्या वाट्याला कुठलं काम येतं, याचं एक उत्तर मला लग्न जुळवताना मिळालं.

मंडळीतल्या एका काकांनी स्थळ आणलं होतं. मुलगी शिकलेली, घर श्रद्धाळू, वडील उपासनेत शास्त्रवाचन करणारे. सगळं जमत आलं होतं. निघताना त्यांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलाचं मूळ काय? म्हणजे, आधीचं?" मूळ कुणालाच माहीत नाही, असं काकांनी खरं ते सांगितलं. नंतर तिकडून फोन आला नाही.

मला राग आला. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये पुष्कळांचे पूर्वज त्या काळी गावाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांमधून आलेले आहेत. १८३१ पासून इथं अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. ज्या माणसांना जन्मावरून ओळखलं जायचं, त्यांना इथं सांगितलं गेलं की तुमचा बाप वेगळा आहे. त्याच माणसांची पणतवंडं आता बायोडेटा हातात घेऊन मूळ विचारतात. म्हणजे दत्तकपत्र मान्य, पण आधीचा दाखला जोडा.

राग ओसरल्यावर मला गेल्या वर्षीचा एक रविवार आठवला. मंडळीत एक नवं कुटुंब आलं होतं. चहाच्या वेळी मी त्या माणसाशी हसून बोललो आणि विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" गाव कळल्यावर वस्ती विचारली. मला काय हवं होतं ते मला माहीत होतं आणि त्यालाही. तो कप ठेवून मुलांना शोधायला गेला. मी, ज्याला स्वतःचं मूळ माहीत नाही, मीसुद्धा विचारलं.

दत्तक जाण्यात एक अट असते जी कुणी आधी सांगत नाही. बापाबरोबर भावंडंही मिळतात, आणि ती निवडता येत नाहीत. मला वाटतं आपली पहिली जबाबदारी हीच आहे. ज्याला मूळ न विचारता घरात घेतलं, त्यानं दुसऱ्याचं मूळ विचारू नये. आणि दुसरी जबाबदारी याच्या पुढची, दार आतून उघडायची. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आपले आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गमावले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. ज्यांना बाहेर असण्याची थंडी माहीत असते, त्यांना आत बोलावणं जास्त चांगलं जमतं, असं निदान जमायला हवं.

मी एवढं मोठं काही केलेलं नाही. त्या कुटुंबाच्या घरी गेलो, चहा घेतला, माफी मागितली. तो माणूस म्हणाला, "सोडा हो, सवय आहे." ते ऐकून जास्त लागलं. आता त्याचा मोठा मुलगा शनिवारी माझ्याकडे गणित शिकायला येतो. लबाड आहे, उत्तरं मागून बघतो. त्याला दोन वेळा रागावलो, तरी तो तिसऱ्या शनिवारी आला. त्याला परत करतील अशी भीती वाटत नाही, हे बघून मला बरं वाटतं.

दस्तलेखकाकडचं काम दुपारपर्यंत झालं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक पाळकसाहेब आले होते, दुसरे शेजारचे पप्पांचे वर्कशॉपमधले मित्र. पप्पांना उजव्या हातानं सही जमत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. अंगठ्याखाली त्यांचं नाव, त्याच्या वर दोन ओळी सोडून माझं, आणि माझ्या नावाआधी एकच शब्द.

परत येताना रिक्षात ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. त्यांच्या शाईच्या अंगठ्याचा डाग माझ्या शर्टाला लागला.

'हिशेब' नावाची फाईल मी डिलीट केली नाही. तिच्यात आता पप्पांचं बीपी, फिजिओथेरपीच्या वेळा आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्या लिहितो. दोन्ही बाजूंचे जुने रकाने काढून टाकलेत. खाली बेरजेची ओळ होती, तीही काढली.