पाठीराखीं इंजिनें

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला अधिक वेळ कां थांबतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. मागें इंजिन जोडल्याचा हलकासा धक्का बसे, त्याची लहानपणीं आम्ही भावंडें वाट पाहत असूं. बोरघाट चढून लोणावळें आलें कीं तें इंजिन सुटें होई आणि गाडी मागें वळून न पाहतां पुढें निघून जाई. आपल्याकडे त्यास ‘बँकर’ म्हणतात, अमेरिकेंत ‘हेल्पर’. ‘पाठीराखा’ हा इतका चपखल शब्द घरांत असतां तो कोणास सुचूं नये, याचें माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरास वाईट वाटतें.

वडील वारल्यावर मी मॅट्रिकवरच थांबून मास्तरकी पत्करली व धाकट्या बंधूस इंजिनियर होण्यासाठीं पुण्यास पाठविलें. पुढें तो अमेरिकेंत स्थायिक झाला. त्याच्या उत्कर्षाचा आनंद मला होताच. पण त्या आनंदांत एक बारीक शल्यही होतें, तें मीं कधीं कोणास सांगितलें नाहीं.

गेल्या वर्षीं त्याच्याकडे जाण्याचा योग आला. त्यानें मला पेनसिल्व्हानियांतील आल्टूना गांवाजवळचें नालाच्या आकाराचें प्रसिद्ध वळण दाखविलें. १८३४ पासून तो पर्वत ओलांडावयाचा तर दहा उतरंडींवरून, एके जागीं बसविलेल्या वाफेच्या यंत्रांनीं, दोरांनीं गाड्या ओढून घ्याव्या लागत. पेनसिल्व्हानिया रेल्वेच्या जे. एडगर थॉमसननें दरीला वळसा घालून रूळच वर नेले. १५ फेब्रुवारी १८५४ रोजीं तो मार्ग खुला झाला. चढ शंभर फुटांस पावणेदोन फुटांच्या आसपास. आमचा बोरघाट सदतिसांस एक, म्हणजे याहून पुष्कळ उभा, हें मीं बंधूस मोठ्या तोऱ्यानें ऐकविलें. परंतु समोरून मालगाडी जाऊं लागली, आणि ती संपेचना, तेव्हां मी गप्प बसलों.

सगळीं इंजिनें पुढेंच कां जोडीत नाहींत, असें मीं विचारलें. बंधु म्हणाला, “सगळीं पुढें लावलीं तर गाडीचा सारा भार पुढच्या डब्यांच्या जोडांवर येतो आणि जोड तुटतो. मागून ढकललें कीं भार वांटला जातो.” वाफेच्या काळीं पुढचा व मागचा चालक एकमेकांस दिसत नसत; शिट्टीच्या खुणांवर दोघांचें जुळे. आतां पुष्कळ गाड्यांत मधलीं-मागचीं इंजिनें बिनतारी संदेशानें पुढचाच चालक चालवितो. त्यांत माणूसच नसतो. मला तें कांहीं रुचलें नाहीं.

या मदतनिसांची गरज संपविण्याचा प्रयत्नही त्या देशानें केला. १९४१ सालीं युनियन पॅसिफिकनें वासाच पर्वत एकट्यानें चढावा म्हणून ‘बिग बॉय’ नांवाचीं अजस्र इंजिनें आणविलीं. पण १९४४ पर्यंत पंचवीसच झालीं. उलट युटा प्रांतांत एका गांवाचें नांवच ‘हेल्पर’ आहे, कारण तेथें घाटासाठीं हीं इंजिनें सज्ज असत. राजे-सेनापतींच्या नांवांचीं गांवें पुष्कळ. पाठीराख्याच्या नांवाचें मीं हें एकच ऐकलें.

१९४२ मध्यें पाणबुडींतून उतरलेल्या जर्मन घातपात्यांच्या यादींत हें वळण होतें. त्यांतून तें वांचलें; पण ती बलाढ्य पेनसिल्व्हानिया रेल्वे वांचली नाहीं. १९६८ सालीं ती आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशीं, न्यूयॉर्क सेंट्रलशीं, एक झाली आणि १९७० सालीं त्या जोडकंपनीचें दिवाळें निघालें. १९७६ त सरकारी आधारानें कॉनरेल आली. १९९९ त हा मार्ग नॉरफोक सदर्नकडे गेला. पाट्या बदलल्या, रंग बदलले. चढ तेवढाच राहिला, म्हणून मागून ढकलणारेही राहिले.

संध्याकाळीं जोडीनें बांधलेलीं दोन इंजिनें, मागें एकही डबा नसतां, वरून सावकाश उतरत आलीं. तीं वळणाआड होईपर्यंत बंधु कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “दादा, मला वसतिगृहांत पोंचवून तूं त्याच रात्रीं परत फिरलास. वाटेंत कांहीं खाल्लें होतेंस का?”

मी होय म्हणालों. खिशांत त्या वेळीं परतीच्या तिकिटापुरतेच पैसे उरले होते.