पेंग्विन: नाव एकाचे, पक्षी दुसराच

पेंग्विन म्हटले की डोळ्यांसमोर दक्षिण ध्रुवाचा बर्फ उभा राहतो. शब्द मात्र उत्तरेकडचा आहे, आणि ज्या पक्ष्यासाठी तो प्रथम योजला गेला तो आज पृथ्वीवर नाही.

सोळाव्या शतकात न्यूफाउंडलंडकडे जाणारे इंग्रज खलाशी तेथील एका मोठ्या, उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्याला पेंग्विन म्हणत. हा ग्रेट ऑक. पुढे १५७८ मध्ये ड्रेकची गलबते दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पोहोचली. तिथेही तसाच ताठ चालणारा, न उडणारा पक्षी दिसला आणि जुनेच नाव त्याला चिकटले. दोघांत जवळचे नाते नाही. फ्रेंच भाषेने हा घोळ टाळला आहे: तिच्यात ‘पँग्वँ’ म्हणजे उत्तरेचा ऑक; दक्षिणेतला तो ‘मांशो’.

अर्थाबद्दल वाद आहे. वेल्श भाषेत ‘पेन’ म्हणजे डोके, ‘ग्विन’ म्हणजे पांढरे. पण ग्रेट ऑकचे डोके काळे. डोळ्यापुढे तेवढा पांढरा ठिपका. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, पांढरे डोके पक्ष्याचे नव्हे, तो बसे त्या बेटाचे. कोणी लॅटिन ‘पिंग्विस’, म्हणजे लठ्ठ, याकडे बोट दाखवतात. बेटाचा तर्क अधिक पटतो. खलाशाची नजर आधी खडकावर पडते, पक्ष्यावर नंतर.

याचा दाखला सिंधुदुर्गातच आहे. निवतीसमोर समुद्रात उभ्या असलेल्या खडकांना पोर्तुगीज खलाशांनी ‘जळकी बेटे’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजांनी त्याचेच भाषांतर ‘बर्न्ट आयलंड्स’ असे केले. आज आपण त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतो. तिन्ही नावांत खडक आहे, गाव आहे. गुहेतली पाकोळी कुठेच नाही.

खुद्द ‘पाकोळी’ हा शब्दही सैलच. कुणी फुलपाखराला पाकोळी म्हणते, कुणी या चपळ पक्ष्याला. येथील पाकोळी गुहेच्या काळोखात टकटक आवाज काढते, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते आणि स्वतःच्या लाळेने घरटे कड्याला चिकटवते. पूर्व आशियात अशा घरट्यांचे सूप करतात. नावाने दुर्लक्षिलेला हा जीव बाजाराने मात्र अचूक हेरला.

ग्रेट ऑकचेही तेच झाले. मांस, पिसे आणि तेल यांसाठी त्याची बेटे रिकामी झाली. पक्षी दुर्मीळ होताच संग्राहकांची मागणी वाढली, आणि १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. तोवर त्याचे नाव दुसऱ्या गोलार्धात सुखाने नांदत होते.

वेंगुर्ला रॉक्सवरून घरटी चोरून नेली जात असल्याचे उघड झाल्यावर, या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने पाकोळ्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. त्या गुहांत पाकोळ्या अजून घरटी बांधतात.