आईच्या डोक्यात मुलाचं दप्तर

पालकसभेत मी हल्ली सुरुवातीलाच विचारते, "उद्या तुमच्या मुलाचा पहिला तास कोणता?" आया चटकन सांगतात. मग शेजारी बसलेल्या मुलांना तेच विचारलं, की मुलं आईच्या तोंडाकडे बघतात.

मी इचलकरंजीतल्या एका मराठी शाळेत सातवीचा वर्ग सांभाळते. आमच्याकडचे पुष्कळ पालक यंत्रमागावर आहेत. वडील मागावर किंवा मागांची देखभाल करणारे जॉबर, आई मागाला लागणाऱ्या सुताची कांडी भरायला. दिवसपाळी-रातपाळीत मुलाशी बोलायला जो वेळ मिळतो, तो "हे घेतलंस का, ते केलंस का" यातच जातो. तक्रार ठरलेली: पोरगं हुशार आहे, पण वेंधळं. गणित येतं, वही घरी राहते. महिनाभर आधी सांगितलेला प्रकल्प आदल्या रात्री आठवतो आणि बाबा कार्डशीट शोधत बाजारात फिरतात. सातवीत आकारिक मूल्यमापनाचा भार 40 टक्के, त्यामुळे प्रकल्प चुकवून चालत नाही. शेवटी आईच चित्रं चिकटवते. दुकानात तयार प्रकल्पही मिळतात. ते मला लांबून ओळखू येतात.

या वेंधळेपणामागे जी कौशल्यं आहेत त्यांना मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. कॅनडातल्या अॅडेल डायमंड यांनी 2013च्या लेखात त्यांचे तीन गाभ्याचे भाग मांडले आहेत: माहिती डोक्यात धरून ठेवत तिच्यावर काम करणं, मनाला आवर घालणं आणि गरज पडेल तसा विचारांचा रोख बदलणं. कामाची आखणी वगैरे पुढच्या गोष्टी यांच्यावरच उभ्या राहतात. मेंदूचा जो पुढचा भाग यात मोठा वाटा उचलतो, तो पक्का व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. बारा वर्षांच्या पोराला आळशी ठरवायची घाई मला म्हणूनच पटत नाही.

पण एवढं सांगून पालकांच्या हाती काही पडत नाही. ते पडलं एका आईच्या बोलण्यातून. तिच्या मुलाला कामं सुरूच करता यायची नाहीत. मी तिला म्हटलं, "तुमच्या कामाचं मला सांगा." ती म्हणाली, "त्यात काय, मॅडम? मागावरची कांडी संपायच्या आत पुढची भरलेली पाहिजे. नाहीतर माग उभा राहतो आणि शिव्या मला." मग स्वतःच थांबून म्हणाली, "आमचा संपल्यावर भरायला बसतो." मुलाला काय जमत नाही, हे मी आठवडाभर शब्द शोधूनही इतकं नेमकं सांगू शकले नसते. तेव्हापासून मी पालकांना त्यांच्याच कामाबद्दल आधी विचारते. एकाच वेळी चार-सहा मागांवर नजर ठेवणाऱ्या बापाला नियोजन काय असतं, हे मी काय शिकवणार? त्याला फक्त ते मोठ्यानं बोलून दाखवावं लागतं, मुलाच्या देखत.

त्या आईच्या घरी आम्ही दोनच गोष्टी धरल्या. एक, सूचना एका वेळी एकच. "डबा धू, दप्तर भर, गणित संपव आणि आजीच्या गोळ्या आण" यातल्या फक्त गोळ्या लक्षात राहतात, कारण त्या शेवटी येतात. दुसरी गोष्ट, काम घड्याळाला न बांधता घरात हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायचं. सहा वाजता अभ्यास, हे पाळी बदलणाऱ्या घरात टिकत नाही. "चहाचा कप मोरीत ठेवला की गणिताची वही उघडायची" हे टिकलं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999मध्ये अशा 'अमुक झालं की तमुक' पद्धतीच्या संकल्पांवर लिहिलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त वेळा पार पडतात. त्या आईला मी गोलवित्झर सांगितला नाही. कप पुरेसा होता.

आता शाळेकडे येते, कारण सगळं आयांच्या माथी मारणं सोपं आहे. 2020मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि गृहपाठ व्हॉट्सअॅपवर, म्हणजे आईच्या मोबाइलवर जायला लागला. शाळा उघडल्या तरी ती सोय राहिलीच. परिणाम असा की फळ्यावरचं वहीत उतरवायची मुलांना गरजच उरली नाही. आईकडे आहे ना! 2023मध्ये बालभारतीने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं जोडली होती. माझ्या वर्गात त्यातली कितीतरी कोरीच राहिली. तिथे काय टिपायचं हे स्वतः ठरवणं हेच तर अवघड होतं.

मी माझ्या वर्गापुरता गृहपाठ ग्रुपवर टाकणं थांबवलं. शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं फक्त रोजनिशीसाठी. ग्रुपवर आता सुट्ट्या आणि सूचना तेवढ्या येतात. पालक खवळले. "मग आम्हाला कळणार कसं?" मी म्हटलं, "त्याला विचारा." पण विचारायचं कसं, हे ठरवून दिलं. "उद्या भूगोल आहे, नकाशा घे" असं नाही. "उद्या काय लागणार आहे?" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं पालकांना सर्वांत जड जातं. एक वडील म्हणाले, "दहा आकडे मोजतो तरी हा छताकडेच बघतो." मी सांगितलं, वीस मोजा.

आधार द्यायचा तसा तो काढूनही घ्यायचा असतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांचा 1976चा अभ्यास मला इथे फार उपयोगी वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवताना, मूल अडलं की मदत वाढते आणि जमू लागलं की कमी होते. आमच्या घरांत मदत वाढतेच, कमी होत नाही. म्हणून दाराजवळ चिकटवलेली दप्तराची यादी आईनं वाचून दाखवायची नाही, नुसतं बोट दाखवायचं. पुढे बोटही नाही.

सगळं यानं सुटत नाही. एका मुलीच्या बाबतीत घरी सगळं करूनही फरक दिसेना. तिला तज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा अध्ययन अक्षमता निघाली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मिळतात. तिच्या आईला आधी वर्षानुवर्षं "लक्ष देत नाही" हेच ऐकवलं गेलं होतं.

कांडीवाल्या आईचा मुलगा घटक चाचणीला कंपासपेटी विसरला. यादीवरून बोट काढून घेतल्यानंतरचेच दिवस होते. आई काम टाकून फाटकाशी पेटी घेऊन आली. मी ती घेतली. भूमितीचा पेपर वाया घालवून धडा शिकवावा, असं मला वाटत नाही. संध्याकाळी दोघं नवरा-बायको भेटायला आले. बोट पुन्हा सुरू करायचं, पण फक्त चाचणीच्या आदल्या रात्री, एवढं ठरलं. वडिलांना ते मान्य नव्हतं. "मी असतो तर पेटी आणलीच नसती." "तुम्ही असता तर तुम्हाला चाचणी आहे हेच ठाऊक नसतं," आई म्हणाली. मुलगा मध्येच म्हणाला, पुढची चाचणी सोमवारी आहे, आणि रोजनिशी उघडून त्याने दोघांना दाखवली. तारीख बरोबर होती, विषय चुकला होता.