यंत्रानें पदरचें घालावें काय?

गाणें ऐकविणाऱ्या यंत्रानें आपल्या पदरचें कांहीं घालावें कीं घालूं नये, असा एक वाद संगीतशौकिनांत पुष्कळ वर्षें चालू आहे. प्रथमदर्शनीं हा धनिकांचा रिकामटेकडा वाद वाटतो. कारण त्या यंत्रांच्या किंमती ऐकूनच आपणांसारख्यांचे डोळे पांढरे व्हावे. परंतु विद्यार्थिमित्रहो, त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. जो गवई आज हयात नाहीं, त्याची तबकडी लावली असतां आपण कोणास ऐकत असतों, गवयास कीं यंत्रास?

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, टपालवाल्यानें पत्र पोंचवावें, त्यांत स्वतःच्या ओळी घालूं नयेत. इंग्लंडांतील पीटर वॉकर हे या पक्षाचे मोठे आचार्य होते. साध्या लाउडस्पीकरांतील कागदी शंकु व लाकडी पेटी हीं स्वतःच थोडीबहुत गुणगुणतात. वॉकर यांच्या क्वॉड कारखान्यानें १९५७ सालीं विक्रीस आणलेल्या लाउडस्पीकरांत हीं दोन्ही काढून टाकून, विजेच्या भारानें हालणारा अतिशय पातळ पडदा योजिला होता. पडद्यास वजन जवळजवळ नसल्यामुळें तो स्वरामागें तत्काळ धांवतो आणि स्वर थांबतांच थांबतो. त्यापूर्वीं १९५४ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं वॉकर यांच्या साहाय्यानें प्रत्यक्ष वादन व त्याचें ध्वनिमुद्रण श्रोत्यांपुढें तुलनेसाठीं ठेविलें होतें. याहून सरळ कसोटी मला सुचत नाहीं.

दुसरा पक्ष व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांचा. ट्रायोड जातीचा एकच व्हॉल्व्ह वापरणारें यंत्र मोठा आवाज काढतांना मूळ ध्वनींत शेंकडा कांहीं भाग स्वतःचा मिसळतें. चांगलें ट्रान्झिस्टरचें यंत्र शेंकडा एकाच्या दशांशाइतकेंही मिसळीत नाहीं. तरी पहिलेंच अनेकांस गोड लागतें. कारण मौजेचें आहे. मिसळलेल्या भागांत मुख्य वांटा दुप्पट कंपनांच्या स्वराचा, म्हणजे मध्य षड्जाबरोबर तार षड्जाचा असतो. त्यामुळें एकटा आवाज बेसूर न होतां भरदार भासतो. अनेक वाद्यें एकदम वाजूं लागलीं कीं मात्र नको ते स्वरही उपजतात.

माझे एक स्नेही या दुसऱ्या पक्षाचे. ते म्हणतात, "मिरजेचा तंबोरा घ्या. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, ती उपस्वर जागे करण्यासाठींच. मग यंत्रानेंच काय पाप केलें?" मला हें पटत नाहीं. तंबोऱ्याची जवारी गवई आपल्या कानानें पारखून घेतो. ती त्याच्या गाण्याचाच भाग होय. व्हॉल्व्हची जवारी त्यास न विचारतां लागते, आणि सतारीस, सनईस, व्याख्यानास सरसकट एकच लागते.

याच स्नेह्यांच्या घरीं मीं खांसाहेब अब्दुल करीम खां यांची झिंझोटींतील ठुमरी दोन्ही यंत्रांवर ऐकली. व्हॉल्व्हवर आवाज तुपांत घोळल्यासारखा मऊ होता. दुसऱ्यावर खरखर अधिक, आवाज बारीक. परंतु स्वर लावण्यापूर्वीं घेतलेला श्वास तेथें ऐकूं आला, आणि मीं दचकलों. पहिल्या यंत्रानें तो झांकून टाकला होता. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांस समोर बसून ऐकणारीं माणसें आतां आढळत नाहींत; यांत त्यांचें काय आणि यंत्राचें काय, हें कोणास विचारावें?

तबकडीही निर्विकार नसते, हें मला मान्य आहे. १९२५ पूर्वीं गवई मोठ्या कर्ण्यासमोर गात. तो कर्णा खर्ज जवळजवळ गिळून टाकी व मधलेच स्वर पुढें करी. असलें ध्वनिमुद्रण आज निर्दोष यंत्रावर लावलें तर कर्ण्याचा दोषच निर्दोषपणें ऐकूं येतो. स्नेही हंसून म्हणाले, "म्हणजे तुमचा टपालवाला फाटकें पत्र देतो!"

"देऊं द्या," मीं म्हणालों, "कोठें फाटलें तें तरी दिसतें."

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. तीच तबकडी पुन्हां व्हॉल्व्हवर लावली, आणि सुमारें तीन मिनिटें आम्ही दोघेही मुकाट्यानें ऐकत बसलों.