खुर्चीचा उजवा हात

१९ जुलै २०२५, शनिवार
दादांच्या खुर्चीचा उजवा हात फाटला. दोन बोटं लांब चीर. आतला काथ्या डोकावतोय.

२० जुलै
दादांचा अंगठा दिवसभर तिथेच. नोकरी सगळी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासण्यात गेली. दोष सापडला की अंगठा थांबणारच.

२१ जुलै
नवरा म्हणाला, फेविक्विक लाव. नको. वाळलं की कडक होतं, आणि त्याच्या कडेनं नवी चीर जाते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, खोबरेल चोळा. या हवेत? कपाटातल्या पर्सवर आधीच बुरशी आलीय.

२३ जुलै
ह्याचं म्हणणं, रेक्झिनच असेल. खुर्ची आडवी करून खालची खिळ्याजवळची कड उकलून बघितली. केसाळ तंतू निघाले. रेक्झिन असतं तर मागे कापडाची वीण दिसली असती. चामडंच आहे. पापुद्रे सुटलेलं रेक्झिन असतं तर हातच लावला नसता, त्याला औषध नाही.

२४ जुलै, अमावास्या
दादांनी दोनदा विचारलं, ही खुर्ची कुणाची. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बंगल्याचं सामान निघालं तेव्हा त्यांनीच आणलेली. मी या घरात आल्यापासून ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकतेय.

२६ जुलै, शनिवार
शालिमारला चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. टपरीत रोहिदासांची तसबीर, हार ताजा. काकांना मोबाइलवर फोटो दाखवला.
"वरून ठिगळ नाही लावायचं ताई. आतून."
शिवणार का, विचारलं. शिवण उसवली असती तर जुन्याच भोकांतून शिवलं असतं, म्हणाले. मधेच फाटलेल्याला टोचलं की आणखी फाटतं.
चामड्याचा विषय निघाला. २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी, आता म्हशीचं. आजोबा गावी बाभळीच्या सालीत, हिरड्यात कातडी कमवायचे. "विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत. जोडे मात्र आमच्याच हातचे." हे सांगताना हातातली चप्पल खाली ठेवली नाही. मला काही बोलायला सुचलं नाही.
मंगळवारी याल का? मंगळवारी नागपंचमी. रापी, आरी त्या दिवशी हातात धरत नाहीत. बुधवार ठरला.

२९ जुलै, नागपंचमी
चिरायचं नाही, कापायचं नाही. दिंडं उकडली. दादांनी दोन खाल्ली.
चीर वाढलीय. हाताखाली टॉवेल ठेवला, त्यांनी काढून टाकला.
वन्संचा फोन. दादांना पुण्याला पाठवा म्हणतात. काही महिने. तिकडे डॉक्टर चांगले.

३० जुलै
काका आले. चहा नको म्हणाले, मग घेतला.
आधी ओलसर फडक्यानं पुसून वाळू दिलं. लोंबणारे तंतू मी कापायला निघाले होते, तर म्हणाले, राहू द्या, तेच धरून ठेवतात. जुन्या जीनचा तुकडा कापला, चिरीपेक्षा चहूकडून बोटभर मोठा. कोपरे गोल केले. कोपरा राहिला की तिथूनच सुटतं. माझी विणायची सुई मागितली. तुकडा चिरीतून आत सरकवला, सुईनं सपाट केला. मग काडीनं सोल्युशन, वरच्या चामड्याच्या पोटालाही. लगेच दाबायचं नाही. बोटाला नुसतं चिकचिकेल इतकं वाळलं, तेव्हा कडा जवळ आणल्या. एकीवर एक नाही, शेजारी शेजारी.
दादा मागे उभे.
"डावी कड वर आलीय."
आली होती. काका हसले, अंगठ्यानं दाबली. "बाबांची नजर आहे हां."
आज दिवसभरात दादा एवढंच बोलले. वर कागद, फळी, तांदळाची पिशवी.

३१ जुलै
उद्यापर्यंत बसायचं नाही, असं तीनदा सांगितलं. पलंगावरही बसेनात. खिडकीशी उभे.

१ ऑगस्ट
काकांनी बाटलीत थोडा तपकिरी रंग दिला होता. कापसानं थापून लावला, पातळ, दोनदा. बूटपॉलिश बरं पडलं असतं, पण लेंग्याला लागतं. तिरक्या उजेडात जोड दिसतो. दिसू दे.

३ ऑगस्ट, रविवार
अंगठ्याला जोड सापडला. मागेपुढे, मागेपुढे. उकरत नाहीत.
वन्सं पुन्हा. "आमच्याकडे रिक्लायनर आहे की." रेक्झिनचा असणार. विचारलं नाही.

४ ऑगस्ट
मला वन्संच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

५ ऑगस्ट
दादांना विचारलं, पुण्याला जाल का थोडे दिवस.
"खुर्ची?"
वन्संना फोन केला. लिफ्टच्या दाराचं माप मागितलंय. खुर्ची बत्तीस इंच.