अम्मीची शुगर आणि आमचा ग्रुप

कोकणातल्या मुस्लिम घरांना घराबाहेर राहणे नवे नाही. एका पिढीने जहाजावर आयुष्य काढले, दुसरीने आखातात. आम्ही पाच भावंडेही तशीच विखुरलेली. थोरले भाऊ आणि भाबी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी अम्मीजवळ. एक बहीण मुंब्र्याला, दुसरी पुण्याला, एक भाऊ कुवेतला आणि धाकटा नवी मुंबईत नोकरीला. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हातून कॅसेट यायची, तिच्यात अब्बांचा आवाज असायचा. आता व्हॉट्सअॅपवर ‘खानदान’ नावाचा ग्रुप आहे आणि त्यात मामू, खाला, फुफी, त्यांची मुले-सुना मिळून साठ-सत्तर माणसे आहेत. दर शुक्रवारी त्यात ‘जुम्मा मुबारक’चे एवढे गुलाब येतात की एखाद्या बागेत मावणार नाहीत.

अम्मीला अकरा वर्षांपासून शुगर आहे. फोनवर विचारले की तिचे उत्तर ठरलेले : “शंभर-सव्वाशे. ठीक आहे. तुम्ही तुमचं बघा.” ती खोटे बोलते असे म्हणणे बरे नव्हे. लेकरे परदेशी आहेत, त्यांच्या जिवाला घोर नको, एवढाच तिचा हिशेब. पण एकदा तालुक्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली आणि आकडा आला ९.४. साडेसहाच्या पुढे मधुमेह धरतात. साडेनऊच्या घरात म्हणजे रोजची साखर दोनशेच्या वर फिरते आहे. ‘शंभर-सव्वाशे’ कुठे आणि हे कुठे!

त्यानंतर आम्ही भावंडांनी वेगळा लहान ग्रुप काढला. नाव ‘अम्मीची शुगर’. माणसे सहाच : आम्ही पाच आणि भाबी. भाबींनी सामील होण्याआधीच अट घातली. “बोट मी टोचणार, जेवण मी बनवणार आणि तुम्ही चौघे लांबून अंगठे दाखवणार, असं चालायचं नाही. कामं वाटून घ्या, मग बोला.” बरोबरच होते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कुवेतच्या भावाने घ्यायच्या, गोळ्या धाकट्याने महिन्याच्या महिन्याला पाठवायच्या, तीन महिन्यांनी रक्ततपासणीला न्यायला मुंब्र्याच्या बहिणीने यायचे, वहीत आकडे उतरवायचे काम पुण्याच्या बहिणीचे. थोरल्या भावांच्या वाट्याला डॉक्टरांकडच्या फेऱ्या.

ग्रुपचा कायदा साधा. आकडा टाइप करायचा नाही, यंत्राच्या पडद्याचा फोटो टाकायचा. ताटाचा फोटो टाकायचा. गोळी घेतली की एक शब्द लिहायचा. बाकी गुलाब नाही, दुआंची चित्रे नाहीत, कुठून तरी आलेले नुस्खे तर मुळीच नाहीत. अम्मीला हे पहिले काही दिवस अजिबात रुचले नाही. “माझं रक्त काय दुनियेला दाखवता?” म्हणून ती भाबींवर रागावली. सहा माणसांपलीकडे एकही फोटो जाणार नाही, असा शब्द आम्ही तिला दिला आणि तो आजवर पाळला आहे. हा लेखही तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीनेच पाठवत आहोत.

ताटाच्या फोटोंनी जे दाखवले ते कोणत्याही सल्ल्याने दिसले नसते. अम्मी चहात साखर घेत नव्हती, मिठाईला हात लावत नव्हती. पण दुपारी ताटात भाताचा डोंगर, कडेला माशाचे कालवण, रात्री पुन्हा तांदळाची भाकरी. कोकणात ‘मी काही गोड खात नाही’ म्हणणाऱ्या माणसाची साखर अशीच वाढते. डॉक्टरांनी भात बंद केला नाही. वाटी ठरवून दिली आणि मासा, भाजी आधी खायला सांगितले. दीड महिन्यात जेवणानंतरचा आकडा अडीचशेवरून पावणेदोनशेवर आला.

मोठ्या ग्रुपचे मात्र निराळेच चालले होते. मामूंनी एक दिवस आवाजाचा संदेश पुढे ढकलला. मुंबईच्या कुणा ‘मोठ्या डॉक्टरांचा’ म्हणे. रात्री भेंडी चिरून पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी प्या, एकवीस दिवसांत शुगर मुळासकट जाईल, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. मामू नमाजी, शहाणे, गावात मान असलेला माणूस. अम्मीने थोरल्या भावाचा शब्द मानला नसता, पण मामूंचा मानला. कुणाला न सांगता तिने गोळ्या उशीखाली ठेवायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी सकाळचा उपाशीपोटीचा आकडा आला २८६. दोन दिवस आधीपासून आकडे चढताना दिसत होते, म्हणूनच भाबींनी उशी उचलून पाहिली.

मामूंना साठ माणसांसमोर खोटे पाडणे आम्हाला शक्य नव्हते आणि बरेही दिसले नसते. थोरले भाऊ त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि विचारले, “मामू, हे डॉक्टर कोण?” मामूंना ठाऊक नव्हते. त्यांना एका ओळखीच्याने पाठवले, त्याला आणखी कुणी. त्या संदेशावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो कितीतरी हातांतून फिरून आलेला. ही खूण ओळखायला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवायलाच हवे. २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, त्यामागे फोनवरून फिरलेली अफवाच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येईल असे केले. भेंडीच्या पाण्याने कुणी जमावाच्या हातून मरत नाही हे खरे. पण गोळी सोडून माणूस घरात हळूहळू खचतो, त्याची कुठे बातमी येत नाही.

शेवटी ‘खानदान’मध्ये उत्तर दिले ते अम्मीनेच. भाबींच्या फोनवर बोट दाबून तिने स्वतःचा आवाज भरला : “भाईजान, भेंडीचं पाणी मीपण प्यायले. भेंडी चांगली आहे, खा. पण मी गोळी सोडली आणि शुगर चढली. कोणी गोळी सोडू नका.” एवढेच. त्या दिवसापासून मोठ्या ग्रुपमधले नुस्खे संपले असे नाही, पण रात्री तीन नातेवाइकांचे फोन आले. तिघांनीही गोळ्या बंद केल्या होत्या आणि घरी कुणाला सांगितले नव्हते.

२०२५ चा रमजान आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला. अम्मीने आयुष्यात आजारपणाखेरीज रोजा सोडलेला नाही आणि शुगरला ती आजारपण मानत नाही. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला इतर दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत आहे, आणि ज्याला ते कधीच झेपणार नाही त्याच्यासाठी फिदया आहे, हे तिला आमच्याहून चांगले ठाऊक. पण ठाऊक असणे आणि स्वतःला लागू करणे यांत अंतर आहे. म्हणून जानेवारीतच डॉक्टरांची भेट घेतली. तिच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामे असले तरी आपले काम करत राहते. डॉक्टरांनी सकाळची ग्लिमेपिराइड इफ्तारला हलवली. (हे अम्मीचे झाले. प्रत्येकाची गोळी, मूत्रपिंड आणि वय वेगळे, तेव्हा वाचकांनी आपापल्या डॉक्टरांनाच विचारावे.) आकडा ७० च्या खाली गेला किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा त्याच क्षणी सोडायचा, मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. त्या चिठ्ठीचा फोटो आम्ही ग्रुपच्या माथ्यावर लावून ठेवला.

दुसरी तयारी जास्त महत्त्वाची ठरली. बोट टोचल्याने रोजा तुटतो, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. थोरले भाऊ मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले आणि त्यांच्याच आवाजात दोन मिनिटांचा संदेश भरून आणला : तपासणीसाठी थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, जिवाला धोका असेल तर रोजा सोडणे गुनाह नाही, नंतर कजा करावा. तो संदेश अम्मीच्या फोनमध्ये ठेवला.

अकराव्या रोज्याला दुपारी पावणेपाच वाजता फोटो आला : ६४. खाली भाबींचे शब्द : “हात थरथरतायत, घाम आलाय. सोडायला तयार नाहीत.” मगरिबला दोन तास होते. कुवेतला सव्वादोन वाजले होते. भाऊ कामावरून बाजूला झाला आणि त्याने सर्वांना एकत्र फोन लावला. पाच लेकरे पाच ठिकाणांहून विनवत होती आणि अम्मी जानमाजवर बसून म्हणत होती, “दोनच तास आहेत. अल्लाह निभावेल.” वाद घालण्यात मिनिटे जात होती. पुण्याच्या बहिणीने ओरडून सगळ्यांना गप्प केले आणि भाबींना इमामसाहेबांचा आवाज लावायला सांगितले. पलीकडून तो आवाज आम्हालाही ऐकू येत होता. संपल्यावर काही क्षण कुणीच बोलले नाही. मग भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी. पंधरा मिनिटांनी फोटो आला : ९२. अम्मी त्या दिवशी इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बसली, पण खजूर हातात घेऊन बराच वेळ रडली. तिला काय म्हणावे ते आम्हाला सुचले नाही. कुवेतच्या भावाने नुसता फोन चालू ठेवला.

रात्री डॉक्टरांनी फोटो मागे-मागे पाहत नेले आणि कारण सापडले. त्या पहाटे सहरीच्या ताटाच्या जागी होते चहाचा कप आणि एक खजूर. उशिरा जाग आली होती. आदल्या दोन दिवशीही ताट कमीच होते. डॉक्टरांनी इफ्तारची गोळी अर्धी केली आणि दोन रोजे सोडायला लावले. पुढे शेवटच्या अश्रात तापामुळे आणखी दोन गेले. २९ पैकी २४ रोजे झाले. पाचांची कजा अम्मीने डिसेंबरात, थंडीत, एकेक दिवस सोडून केली.

या साधनाला मर्यादाही आहेत आणि डॉक्टरांनी त्या पहिल्याच दिवशी आखून दिल्या. रोजचा आकडा त्यांना पाठवायचा नाही, रविवारी आठवड्याचा तक्ता पाठवायचा. काही तातडीचे असेल तर फोन करायचा. संदेश तासभर न वाचता पडून राहू शकतो. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवरही सल्ला देता येतो, पण समोर पाहिल्याशिवाय भागणार नाही असे वाटले तर नकार देण्याचा त्यांना अधिकार आहे. पावसाळ्यात अम्मीच्या अंगठ्याला फोड आला. फोटो पाहून डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली : “फोटोवर पाय बघत नसतो, घेऊन या.” बावीस किलोमीटर रिक्षाने नेले. तिथे कळले की तिला त्या बोटाला स्पर्शच जाणवत नव्हता. हे कोणत्या फोटोत दिसले असते?

दरम्यान अम्मीचे आकडे रोज पाहून कुवेतच्या भावाने तिथे स्वतःची तपासणी करून घेतली. ६.१ आली, म्हणजे उंबरठ्यावर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख. आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्येही एक निघालाच. आता इशानंतर तो समुद्राच्या कडेने चालतो आणि पावलांचा आकडा टाकतो. तो टाकला नाही तर विचारणा होते, आणि विचारणारी अम्मी असते. सहाचे सात केव्हा झाले ते कळलेही नाही. तिला आत घेतले कुणी, यावर भाबी काही बोलत नाहीत. तिचे फोटो बहुधा उलटे येतात, कधी आकड्याऐवजी छताचा पंखा येतो.

रजबचा चांद दिसला की डॉक्टरांची भेट ठरवायची, असे या वेळी तिनेच बजावले आहे. एचबीएवनसी, क्रिएटिनिन, डोळ्यांची तपासणी. मुंब्र्याच्या बहिणीने सुट्टी टाकली आहे. अम्मीचा आग्रह पूर्ण महिन्याचा आहे, डॉक्टर किती रोज्यांना हो म्हणतात ते त्या दिवशी कळेल. इमामसाहेबांचा संदेश तिच्या फोनमध्ये अजून आहे, आणि आम्ही तो पुसू दिलेला नाही.